पट ३१, हजर १४ : आजीची स्मरणिका छापून घेताना

आमची आजी ३८ वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि निवृत्तीनंतरची जवळजवळ ३० वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येक छापील कागदाची परीक्षक होती. लग्नपत्रिका आली की ती आधी चष्मा शोधत असे, मग लाल रिफिलचे पेन, आणि मुहूर्त किती वाजताचा आहे हे पाहण्याअगोदर 'आशिर्वाद'मधली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करून ठेवत असे. पत्रिका ज्यांची असेल त्यांना ती तशीच परत दाखवायची सोयही तिने ठेवली होती, त्यामुळे आमच्या नात्यात पत्रिकेचा मजकूर आधी आजीकडे पाठवण्याचा रिवाज पडला. अशा बाईच्या वर्षश्राद्धाला तिच्या नावाने पुस्तक छापायचे ठरले तेव्हा खर्चापेक्षाही मोठी धास्ती शुद्धलेखनाची होती. ते पुस्तक ज्यांच्याकडून करून घेतले त्यांच्या कामाचे हे परीक्षण आहे. असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांना नेमके काय पदरात पडते आणि कोठे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते, हे कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

दुकान पुण्यात, पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीत मालक आणि त्यांचा स्कॅनर, आतल्या खोलीत डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, करणाऱ्या ताई, आणि मागच्या पडवीत डिजिटल छपाईचे यंत्र असा सगळा पसारा. घरगुती स्मरणिका, कुलवृत्तांत, षष्ट्यब्दीचे गौरवअंक अशी २५ ते ३०० प्रतींची कामे ते घेतात. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या चुका पुढे सांगणार आहे त्या या धंद्यात बहुतेक ठिकाणी होतात, आणि या माणसांनी त्या कुरकुर न करता निस्तरल्या.

आमच्याकडे साहित्य भरपूर होते. आजीच्या लोखंडी ट्रंकेत नेमणुकीचा आदेश, सेवापुस्तकाची प्रत, ४० फोटो, ९ रोजनिशा आणि २२ टाचणवह्या निघाल्या. प्राथमिक शिक्षकाच्या घरात जे वाढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, टाचणवही म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवायचे याची आदल्या रात्री केलेली नोंद. तारीख, विषय, घटक, उद्देश, साहित्य आणि शेवटी शेरा असे उभे रकाने आखायचे, आणि साहेब तपासणीला आले की वही पुढे करायची. बहुतेक शिक्षक निवृत्तीनंतर या वह्या रद्दीत घालतात. आजीने का ठेवल्या ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही ती असेपर्यंत विचारले नाही.

मालकांना या वह्यांचे मोल माझ्याआधी कळले. मी आठवणींचे लेख, फोटो आणि मागे वंशावळ असे साधे पुस्तक मनात धरून गेलो होतो. त्यांनी एक वही उघडली, दोन-चार पाने उलटली आणि म्हणाले, "साहेब, लेख कमी करा, हे छापा." या एका सल्ल्यासाठी त्यांचे पैसे वसूल झाले असे मी मानतो. वह्यांची स्कॅनिंगही त्यांनी फार निगुतीने केली. पिनांना गंज चढला होता, कागद कडेने विरत होता, म्हणून पाने एका मशीनमधून सरसर ओढून न घेता एकेक पान काचेवर ठेवून ६०० डीपीआयला घेतले. पाठीमागच्या शाईची सावली पुढे येऊ नये म्हणून पानामागे काळा पुठ्ठा धरला. वह्या परत मिळाल्या त्या मूळ क्रमाने, प्रत्येक वहीला कागदी पट्टी बांधून. आमच्या घरात त्या इतक्या नीट कधीच नव्हत्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आजी सातवीची फायनल होऊन १९५६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी नोकरीला लागली. तिच्या नेमणुकीच्या आदेशावर 'उत्तर सातारा जिल्हा स्कूल बोर्ड' असे आहे, कारण आजच्या सांगलीला तेव्हा दक्षिण सातारा म्हणत आणि आपला सातारा उत्तर सातारा होता; ही नावे १९६० मध्ये बदलली. पाटण तालुक्यातील एकशिक्षकी शाळा, एकाच खोलीत चार इयत्ता, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की शाळेला आपोआप सुट्टी. त्या काळातली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"पट ३१. हजर १४. भात-काढणी असल्यानें मुलें शेतांत. दोन मुलींना घरीं जाऊन आणलें. तिसरीची आई म्हणाली, बाई, तुम्हींच या कापायला."

यातले अनुस्वार पाहा. 'असल्यानें', 'मुलें', 'शेतांत', 'घरीं'. उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीने आलेले हे टिंब तेव्हाच्या शुद्धलेखनाप्रमाणे द्यावेच लागत. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे आजीचा मालक (स्कूल बोर्डाऐवजी जिल्हा परिषद) आणि आजीचे शुद्धलेखन एकाच वर्षी बदलले. रोजनिशांमध्ये हा बदल डोळ्यांनी दिसतो. १९६२ च्या अखेरीस 'शाळेंत' आणि 'शाळेत' एकाच पानावर नांदतात, १९६३ मध्ये काही टिंबांवर तिने स्वतःच बारीक काट मारलेली आहे, आणि १९६४ नंतर एकही चुकार टिंब सापडत नाही. हाताला लागलेली सवय दोन वर्षांत मोडणारी ही बाई पहिलीच्या पोरांना जुनी सवय मोडायला लावताना काय सांगत असेल, याचा मी त्या पानांवर बराच वेळ विचार करत बसलो.

दुकानाने नेमका येथे घोटाळा केला. डीटीपी करणाऱ्या ताईंनी रोजनिशांतील मजकूर टंकलिखित केला आणि जुने अनुस्वार म्हणजे आजीच्या चुका, असे समजून शुद्ध करायला घेतले. हेतू वाईट नव्हता. शिक्षिकेच्या पुस्तकात चुका कशाला, असाच त्यांचा विचार होता. पण ३४ पानांतील 'शेतांत', 'वर्गांत', 'घरांत' एकेक करून सुधारण्याऐवजी त्यांनी संगणकाला सांगितले की जेथे 'ंत' दिसेल तेथे 'त' कर. संगणकाने ते इमानेइतबारे केले. पहिले प्रूफ हातात आले तेव्हा 'वर्ग शात होता', 'वसत ऋतूची कविता' आणि 'सत तुकारामांचा अभंग' असे वाचत मी पुढे गेलो. तोवर हसू येत होते. मग १९६७ चे पान आले.

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चारच्या पुढे कोयनानगरचा भूकंप झाला. आजी तेव्हा त्याच खोऱ्यात, दुसऱ्या एका वाडीवर होती. त्या दिवशीची नोंद चार ओळींची आहे. पहाटे धरणीकंप, शाळेची पश्चिमेकडील भिंत पडली, पट ४४, मुले सर्व सुखरूप. भूकंप शाळेच्या वेळात झाला असता तर काय, हे तिने लिहिलेले नाही. मंगळवारचे पान कोरे आहे. बुधवार, १३ डिसेंबरला टाचणवहीत पुन्हा रकाने आखलेले आहेत, पट्टी नसल्यामुळे थोडे वाकडे:

विषय गणित. घटक हातच्याची बेरीज. साहित्य खडे (भिंतीचे). शेरा उघड्यावर, आठ मुले.

प्रुफात हे 'खडे (भितीचे)' असे छापून आले होते. एक टिंब गेले आणि भिंतीची भीती झाली. प्रूफ वाचणाऱ्या माझ्या चुलत बहिणीला ते तसेच मूळ वाटले; आजीने किती सूचक लिहिले आहे, असे तिने समासात लिहूनही ठेवले. वही काढून दाखवली तेव्हा तिथे आजीच्या सरळ, गोल अक्षरात टिंब ठसठशीत होते. आजी सूचक वगैरे लिहीत नसे. तिला बेरीज शिकवायची होती, खडे लागत होते, आणि ते भिंतीचे भरपूर पडले होते.

मी प्रूफ घेऊन दुकानात गेलो. मालकांनी वाद घातला नाही, चूक ताईंवर ढकललीही नाही. त्यांनी सगळा मजकूर मूळ वहीशी ताडून पुन्हा पाहण्याचे कबूल केले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्यातून पुढे जी मांडणी ठरली ती या पुस्तकातील सर्वांत उत्तम गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय त्या ताईंना आहे. डावीकडे वहीच्या पानाचे छायाचित्र आणि उजवीकडे छापील मजकूर, अनुस्वार-वेलांट्यांसह जसाच्या तसा, एकाही अक्षराची दुरुस्ती न करता. नातवंडांच्या पिढीला हस्ताक्षर वाचता येत नसेल तर उजवीकडे पाहावे, आणि उजवीकडे शंका आली तर डावीकडे. 'उत्तर सातारा'तील 'उत्तर'ही त्यांनी पहिल्या फेरीत गाळले होते, ते परत आले.

दुसरी अडचण तांत्रिक होती आणि मराठी छपाईत ती सर्वांनाच भोवते. आम्ही लेख युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर सर्वत्र चालणाऱ्या लिपीसंकेतात, दिले होते, दुकानाचे काम जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये चालते, आणि एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना पहिला बळी जातो तो 'ऱ्या'चा. 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात', 'पायऱ्या' यांतला अर्धा र डोक्यावर चढतो आणि रफार होतो. एरवी चूक एवढ्यावर भागते, पण काही शब्दांत अर्थच फिरतो. आजीचे वर्गातले ठरलेले उदाहरण 'आचार्यांना बोलाव' आणि 'आचाऱ्यांना बोलाव' हे होते. एका रफारात गुरू जातो आणि स्वयंपाकी येतो, असे ती सांगत असे. आमच्या पुस्तकात आत्याच्या लेखात 'कोयनेच्या दऱ्या' होत्या, त्यांचा 'कोयनेच्या दर्या' झाला होता. ज्या तालुक्यातून लोक पोट भरायला मुंबईला जातात त्याला घरबसल्या समुद्र मिळाला. असे २० हून अधिक शब्द आम्ही शोधून दिले. युनिकोडमध्येच शेवटपर्यंत काम करणारी दुकाने आता आहेत. ज्यांच्याकडे मजकूर जास्त आहे त्यांनी पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे.

अक्षराच्या वळणाबाबत मात्र हे दुकान जागरूक आहे. पुष्कळ फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. ताईंनी न सांगता पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' असलेला फाँट निवडला होता. 'ग म भ न' असे शाळेच्या फळ्यावरच्या वळणात मोठे छापलेले पहिले पान पाहून आत्याने हात फिरवला, काही बोलली नाही.

फोटोंच्या दुरुस्तीबद्दल मला चांगले लिहिता येत नाही. १९५९ सालच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या गटाच्या फोटोत आजी मागच्या रांगेत आहे, नऊवारीत, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. फोटोला आडवी घडी पडली होती. ती घडी घालवण्यासाठी त्यांनी तो संगणकाच्या नव्या हुशार प्रणालीतून काढला. घडी गेली, त्याबरोबर गोंदण डाग समजून गेले, गालावर तेज आले, ओठांच्या कडा किंचित वर गेल्या, आणि मागच्या रांगेत कोणी दुसरीच प्रसन्न तरुणी उभी राहिली. आजी फोटोसाठी हसत नसे. दात दाखवण्यासारखे येथे काय घडले आहे, असे तिचे मत असायचे. आम्ही तो फोटो मूळ घडीसह छापायला सांगितला. अशा १२ फोटोंच्या दुरुस्तीचे प्रत्येकी १५० रुपये लावले होते. त्यांतील पाच आम्ही नाकारले तरी पैसे सगळ्यांचे घेतले, हे मला पटले नाही आणि मी ते त्यांना सांगितलेही.

तयार मजकुराची एक फाइल ते दाखवतात. 'मायेचा सागर', 'वात्सल्यसिंधू', 'देवाघरी गेलेली सावली' अशा शीर्षकांच्या कविता तीत आहेत आणि नाव तेवढे बदलून त्या कोणालाही लावता येतात. आमच्या घरी सागर आणि सिंधू हे शब्द भूगोलाच्या तासालाच निघत, म्हणून फाइल आदराने परत केली. ज्यांच्याकडे लिहिणारे कोणी नाही त्यांना तिचा उपयोग होत असेल, मी नाकारत नाही. पण त्याऐवजी त्यांच्याकडची दुसरी सोय घ्यावी असे मी सांगेन. लोकांनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेल्या आठवणी ते मिनिटाला १५ रुपये दराने लिहून काढतात. आजीचे विद्यार्थी आता साठी-सत्तरीचे आहेत; त्यांच्यातले बरेच मुंबईत आणि पुढे वाशीच्या बाजारात माथाडी कामगार म्हणून आयुष्य काढून गावी परतलेले. त्यांना लेख द्या म्हटले असते तर एकही आला नसता. बोला म्हटल्यावर ६६ मिनिटांचे ध्वनिमुद्रण जमले.

ते लिहून काढतानाही पहिल्या फेरीत ताईंचे शुद्धीकरण चालूच होते. एका विद्यार्थ्याने म्हटले होते, "बाई मारायच्या न्हाईत, नुसत्या बघायच्या. त्या बघन्यापरीस मार बरा." त्याचे छापील रूप झाले, 'बाई शारीरिक शिक्षा करत नसत, त्यांची नजरच पुरेशी असे.' हे वाक्य कोणत्याही शिक्षकाच्या निरोपसमारंभात खपले असते, आणि म्हणूनच ते आमच्या कामाचे नव्हते. यावर घरात थोडी चर्चाही झाली, कारण काकांचे म्हणणे होते की आजीला प्रमाण भाषेचा आग्रह होता, तिच्या पुस्तकात 'न्हाईत' कसे छापायचे? आत्याने निकाल दिला. आजीचा आग्रह लिहिण्याबाबत होता. पहिलीत आलेले पोर घरच्या बोलीत बोलले तर ती त्याला कधी अडवत नसे; आधी बोलू दे, लिहायला आपण शिकवू, हे तिचे धोरण होते. शिवाय नव्याला नाक मुरडणे तिच्या स्वभावात नव्हते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसऐवजी 'वीस दोन' असे वाचन आले आणि गदारोळ झाला, तेव्हा ती जुन्या वाचनाची बाजू घेऊन भांडेल म्हणून आम्ही वर्तमानपत्र तिच्यापुढे ठेवले. तिने वाचले आणि म्हणाली, "पोराला बेरीज येती का बघा." मग शब्दकोडे सोडवायला घेतले. तर बोली जशीच्या तशी राहिली, आणि आज पुस्तकातली तीच पाने लोक मोठ्याने वाचून दाखवतात.

साध्या शब्दांत लिहिलेली एक आठवण मला स्वतःला माहीत नव्हती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा आजी रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांचा वर्ग घेत असे. त्या वर्गात सासू आणि सून एका पाटीवर शिकत होत्या, आणि सुनेला सही आधी आली म्हणून सासू चार दिवस वर्गाला आली नाही. आजीने पाचव्या दिवशी दुसरी पाटी नेऊन दिली. सांगणारा त्या सुनेचा मुलगा होता, आणि त्याने ती पाटी अजून घरात आहे असे सांगितले. दुकानाने त्याला फोन करून पाटीचा फोटो मागवला. हे आम्ही सांगितले नव्हते.

कागद आणि बांधणी यांबद्दल थोडक्यात. आकार डेमी १/८, पृष्ठे ११२, म्हणजे १६ पानी सात फर्मे. आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो, किंचित पिवळसर छटेचा. पांढऱ्याशुभ्र कागदावर वहीची पाने आजारी दिसत होती, म्हणून मालकांनी दोन्हींचे नमुने छापून दाखवले. फोटोंची १६ पाने रंगीत. बांधणी नुसत्या गोंदाची न घेता फर्मे शिवून घेतली आणि वर पुठ्ठा चढवला. गोंदाची बांधणी स्वस्त पडते, पण पुस्तक पूर्ण उघडत नाही, आणि डावे-उजवे पान जुळवून वाचायचे असेल तर ते उघडलेच पाहिजे. प्रत २८५ रुपयांना पडली. १५० प्रतींचे ४२,७५० आणि टंकलेखन, स्कॅनिंग, फोटो, मांडणी यांचे मिळून ९,६०० असा एकूण ५२,३५० रुपये खर्च आला. ५०० प्रती हव्या असत्या तर ऑफसेट छपाईत प्रत बरीच स्वस्त पडली असती, पण आमचे गोत एवढे मोठे नाही.

वेळेच्या बाबतीत दोष अर्धा त्यांचा आणि अर्धा माझा. आजी २४ जानेवारी २०२४ रोजी गेली. मी दुकानाला २४ जानेवारीपूर्वी पुस्तके हवीत असे सांगून मोकळा झालो. डिसेंबर संपत आला तेव्हा आत्याने विचारले, तिथी कोणती धरली आहेस? पौष शुद्ध चतुर्दशी. ती २०२५ मध्ये १२ जानेवारीला येत होती. मध्ये अधिक महिना नसला की तिथी तारखेच्या दहा-बारा दिवस अलीकडे सरकते, हे मला ठाऊक असायला हवे होते; आजी हयात असती तर तिने मला कालनिर्णय घेऊन समोर बसवले असते. दुकानाची मूळची मुदत शेवटच्या प्रुफानंतर २१ दिवसांची होती, आणि तिच्या हिशेबानेही पुस्तके वेळेवर आली नसती, कारण प्रुफांच्या फेऱ्यांतच आठवडा गेला होता. शेवटी १० जानेवारीला ६० प्रती मिळाल्या आणि उरलेल्या ९० पुढच्या आठवड्यात देण्याचे ठरले.

त्या ६० प्रती घाईच्या होत्या. पुठ्ठा चढवल्यावर पुस्तक किमान एक-दोन दिवस दाबाखाली राहावे लागते, नाही तर खळीचा ओलावा सुकताना पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. ११ प्रतींचे तसे झाले. टेबलावर ठेवले की त्या आपोआप उघडत. दुकानाने त्या नंतर विनामूल्य बदलून दिल्या, आणि नेण्या-आणण्याचा खर्चही घेतला नाही. फोन मात्र त्या आठवड्यात कोणी उचलत नव्हते. शेवटी गाडी काढून स्वतः जावे लागले.

एकूण, पुन्हा काम पडले तर मी याच दुकानात जाईन, पण मूळ वहीची प्रत समोर ठेवून प्रत्येक प्रूफ ओळीने वाचेन, दोघांकडून वाचून घेईन, आणि शुद्धलेखन तपासून देतो असे कोणी म्हटले तर तपासू नका असे लेखी देईन. वडीलधाऱ्यांच्या हाताचे काही लिहिलेले घरात असेल तर येथे जावे. फक्त फोटो असतील तर कोपऱ्यावरच्या स्टुडिओतला अल्बम निम्म्या पैशांत होईल.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री, गावच्या घरी, आम्ही त्या ६० प्रती सोप्यात मांडल्या. आत्या स्वतः निवृत्त शिक्षिका आहे. तिने एक प्रत उचलली, चष्मा लावला आणि वाचायला बसली. रात्री अकराच्या सुमारास तिने हाक मारली. पान ६३, तळाची तिसरी ओळ, 'कोयनेच्या दर्या'. इतक्या फेऱ्यांनंतर तो एक दर्या तसाच राहिला होता, आणि तोही तिच्याच लेखात. आत्याने ट्रंकेतून आजीचे लाल पेन काढले. रिफिल अजून चालत होते. ती सांगत गेली आणि आम्ही दोघे-तिघे प्रती उघडून देत गेलो. ६० प्रतींत तिने ६० वेळा रफार खोडून खाली 'ऱ्' लिहिला, त्याच गोल वळणात, आणि शाई वाळेपर्यंत प्रत मिटू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात आलेल्या ९० प्रतींत दुकानाने ती चूक दुरुस्त केली होती. गावातून अजून मागणी येते, पण विचारणारा आधी पान ६३ उघडून पाहतो आणि लाल शाईची प्रत शिल्लक आहे का, असे विचारतो.